यू आकार ठेवायचा की रांगा? मोठ्या पटाच्या वर्गासाठी सविस्तर उत्तर

सातवीला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे. वर्गाचा पट ५४. केरळमधल्या यू आकाराच्या वर्गांचे व्हिडिओ पाहून मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांतले बाक तसे, तीन भिंतींलगत, लावून घेतले. आता बाजूला बसणाऱ्या मुलांची मान दुखते, काहींना फळा चमकतो, गणिताच्या तासाला गडबड वाढली आहे. पण एरवी मागे बसून तोंडही न उघडणारी काही मुलं बोलायला लागली आहेत. मग यू ठेवायचा की पुन्हा रांगा करायच्या?

मॅडम, दोन्ही ठेवा. गणिताला, लेखनाला, चाचणीला रांगा. आणि मराठी, इतिहास, विज्ञानाच्या ज्या तासाला मुलांनी एकमेकांचं ऐकून बोलायचं आहे, त्या तासाला यू किंवा त्याच्या जवळ जाणारं काहीतरी. चर्चेसाठी उत्तम असलेली बैठक तुमच्याकडे दिवसभर सगळ्या कामांना लावली गेली, म्हणून फायदाही दिसला आणि त्रासही. रोजच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदीत, आपण उद्दिष्ट लिहितो, साहित्य लिहितो, कृती लिहितो. तिथेच 'बैठक' अशी एक ओळ वाढवा. मुलं या तासाला काय करणार आहेत हे ठरलं की बाक कसे हवेत हे आपोआप ठरतं. उलट क्रमाने गेलं की फसतं.

केरळमधली मूळ कल्पना मात्र हलक्यात घेऊ नका. कोल्लम जिल्ह्यातल्या वाळकमच्या शाळेने एका मल्याळम चित्रपटावरून स्फूर्ती घेऊन बाक भिंतीलगत फिरवले आणि २०२५ मध्ये ती गोष्ट देशभर पोचली. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूच्या शिक्षण खात्यानेही शाळांना अशी बैठक करायला सुचवलं. त्यांच्या लिपीतलं 'प' हे अक्षर तसंच दिसतं, म्हणून तिकडे ती त्या अक्षराच्याच नावाने ओळखली गेली. लगोलग मानेचा ताण, फळा तिरपा दिसणं, जागा अपुरी पडणं असे आक्षेप आले. तुमच्या वर्गातल्या तक्रारी त्याच आहेत. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे: वर्गात कोणालाही कायमचं 'मागचा' का ठरवायचं?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की शाळेत त्यांना आपल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांमध्ये बसता येत नसे, कोपऱ्यात एकटं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी परिपाठात भाषण होतं, होऊ द्या. पण मला वाटतं प्रत्येक वर्गशिक्षकाने त्या दिवशी आपल्या वर्गाचा बैठकीचा नकाशाही काढून बघावा. कोणत्या वस्तीतली मुलं कुठे बसलीत? कोणाच्या शेजारी बसायला कोण तयार नाही? बाहेरचं गाव वर्गाच्या आत कुठवर आलंय ते त्या कागदावर दिसतं. मुलांना 'आवडेल तिथे बसा' म्हणून सोडून दिलं की गाव तसंच्या तसं आत येतं. म्हणून जागा शिक्षकाने ठरवायची. हे काम मॉनिटरवर टाकायचं नाही.

आता तुमच्या खोलीचं गणित. खोली साधारण २० बाय २५ फुटांची धरू, फळा २० फुटांच्या भिंतीवर. बाक चार फूट लांब, आणि डेस्कसकट पुढे-मागे तीन फूट जागा घेणारा. फळ्यापासून सहा फूट मोकळं सोडायलाच हवं, नाहीतर टोकाच्या मुलाला फळा इतका तिरपा दिसतो की अक्षर लागत नाही. मग दोन्ही बाजूंना १९-१९ फूट उरतात. तिथे चार-चार बाक बसतात. मागच्या भिंतीला कोपरे सोडून तीन बाक. झाले ११ बाक, दोघं-दोघं धरली तर २२ मुलं. आत दुसरा यू लावला तर जाण्यायेण्याची दोन-दोन फुटांची वाट सोडून बाजूंना तीन-तीन आणि मागे एक, म्हणजे आणखी सात बाक, १४ मुलं. एकूण ३६. मधोमध तुम्हाला फिरायला जेमतेम चार फुटांची पट्टी राहते.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ मुलं सांगितली आहेत. म्हणजे कायद्यातल्या पटाला दुहेरी यू कसाबसा पुरतो. तुमचा पट ५४ आहे. ५४ मुलं १८ बाकांवर बसवायची तर प्रत्येक बाकावर तिघं, म्हणजे एका मुलाला १६ इंच. सातवीतल्या मुलाला १६ इंचांत वही उघडून कोपर टेकवता येत नाही. मग शेजाऱ्याला ढकलणं आलं, 'सर हा सरकत नाही' आलं, आणि तीच तुमची गणिताच्या तासाची गडबड. मुलं बिघडलेली नाहीत, जागा संपलेली आहे. हे आकडे फूटपट्टीने स्वतः मोजून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. वाद घालावा लागणार नाही.

रांगा आणि गट यांवर बाहेर बराच अभ्यास झाला आहे आणि तो आपल्या अनुभवाशी जुळतो. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये केव्हिन व्हेल्डॉल आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांच्या मुलांच्या दोन वर्गांत पाहिलं की टेबलाभोवती गटात बसणाऱ्या मुलांना रांगांत बसवलं की स्वतःचं काम करताना त्यांचं लक्ष जास्त टिकलं, आणि परत गटात बसवलं की ते घसरलं. सर्वांत जास्त फायदा ज्यांचं लक्ष मुळात कमी टिकायचं त्यांना झाला. उलट बाजूने, जर्मनीतल्या चौथीच्या वर्गावरचा १९९९ चा अभ्यास सांगतो की अर्धवर्तुळात बसलेली मुलं रांगांपेक्षा जास्त प्रश्न विचारतात. दोन्ही खरं आहे, कारण दोन्हीकडे मुलांना दिलेलं काम वेगळं आहे. एकट्याने उदाहरण सोडवायचं असेल तर समोर दुसऱ्याचा चेहरा नको. एकमेकांचं मत खोडायचं असेल तर चेहरा दिसायलाच हवा, पाठीकडे बघून कोणी वाद घालत नाही. गटाने बसवायचं आणि काम मात्र प्रत्येकाला वेगळं, वहीत एकट्याने करायचं द्यायचं, ही आपल्याकडे सर्रास होणारी गोष्ट सर्वांत घातक. 'गटकार्य' फोटोपुरतं होतं, आणि ज्याला उदाहरण येत नाही तो शेजारच्याचं उतरवून मोकळा होतो.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं ते गप्प मुलं बोलायला लागल्याचं. ती का बोलायला लागली हे शोधा, कारण ते कारण हाती लागलं तर रांगांतही वापरता येईल. १९७० मध्ये अ‍ॅडम्स आणि बिडल या संशोधकांनी वर्गांचं चित्रीकरण पाहून दाखवलं होतं की रांगांच्या वर्गात शिक्षकाचा बहुतेक संवाद समोरच्या रांगेतल्या आणि मधल्या पट्ट्यातल्या मुलांशीच होतो. फळा वरच्या बाजूला धरून नकाशा काढला तर इंग्रजी टी अक्षरासारखा भाग. बाकीचा वर्ग ऐकणारा.

हे आपल्या वर्गात तपासायला काही लागत नाही. कोऱ्या कागदावर वर्गाचा नकाशा काढा, प्रत्येक मुलाला एक चौकोन. एखाद्या सहकाऱ्याला एक तास मागे बसायची विनंती करा. मूल स्वतः हात वर करून बोललं की त्याच्या चौकोनात उभी रेघ, तुम्ही नाव घेऊन विचारलं तर गोल. एवढंच. एका सहावीच्या वर्गात मी असा कागद घेऊन बसलो होतो. विज्ञानाचा तास, चुंबक. शिक्षक उत्साही, आवाज खणखणीत, मुलं उत्तरं देतायत, बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग रंगलेला वाटावा. तास संपल्यावर कागदावर रेघांची गर्दी समोर आणि मध्ये होती आणि खिडकीकडच्या मागच्या तीन बाकांवर काहीच नव्हतं, ना रेघ ना गोल. त्यातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने बराच वेळ कंपासपेटीच्या आडोशाला दोन छोटे चुंबक धरले होते. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाली, "ह्या बाजूनं लावलं की चिकटतंय, फिरवलं की मधीच कायतरी आडवं आल्यागत ढकलतंय." शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेलं 'सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण असते' हे वाक्य तिच्या वहीत उतरलेलंच नव्हतं. पण त्या वाक्याचा अर्थ त्या वर्गात सर्वांत नीट तिला कळला होता. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी बाक हलवले नाहीत. ते स्वतः खिडकीकडच्या मागच्या कोपऱ्यात उभे राहिले आणि तिथून प्रश्न विचारायला लागले. अख्खा वर्ग वळून मागे पाहायला लागला.

यू आकाराने तुमच्याकडे बहुधा हेच केलं: तुमच्या पायांना मोकळी वाट मिळाली. मध्ये रिकामी जागा असली की शिक्षक चालतो, चालला की जवळ जातो, जवळ गेला की त्या मुलाला विचारतो. ही चाल रांगांतही येते, मात्र दोन रांगांमधली वाट खरंच वाट हवी. दप्तरं वाटेत पडलेली असतील तर शिक्षक फळ्याजवळच अडकतो. दप्तर बाकाखाली किंवा भिंतीलगत ठेवायची सवय लावा. हा साधा बदल मी बऱ्याच वर्गांत यूपेक्षा जास्त उपयोगी पडलेला पाहिला आहे. आणि यूमध्येही मागचा बाक तयार होतो बरं का. फळ्याच्या अगदी जवळची दोन टोकं आणि मागचे दोन कोपरे तुमच्या नजरेच्या बाहेर पडतात, कारण आपण उभे राहतो मध्यावर आणि पाहतो समोरच्या भिंतीकडे. नकाशाचा प्रयोग यूमध्येही करून बघा.

मोठ्या पटाला मी सुचवतो ती युक्ती अशी: बाक हलवू नका, मुलं वळवा. रांगा तशाच ठेवा. चर्चेच्या वेळी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीतल्या मुलांनी उठून बाकावर मागे तोंड करून बसायचं, म्हणजे मागच्या बाकाशी मिळून चौघांचा गट होतो. आवाज होत नाही, फरशी खरवडत नाही, पाचव्या तासाचे सर आले की मुलं पुन्हा पुढे वळतात. लोखंडी डेस्क-बाक जोडलेले असतील आणि मागे वळून पाय घालायला जागा नसेल, तर पुढच्या दोघांनी फक्त कमरेतून मागे वळून मागच्या डेस्कवर वही टेकवायची. पाच-दहा मिनिटांच्या चर्चेला ते चालतं, जास्त वेळ नको. पहिल्या आठवड्यात याची कवायत करून घ्या, एरवी परिपाठाला रांगा लावतो तशी. सूचना एकच, खूण एकच. मुलांना खेळ वाटतो, आणि एकदा अंगवळणी पडलं की मिनिटभरसुद्धा लागत नाही.

खरा यू करायचाच असेल तर तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, मधल्या मोठ्या सुट्टीनंतर करा, म्हणजे बाक एकदाच हलतात आणि शाळा सुटताना परत जागेवर जातात. हायस्कूलमध्ये दर तासाला शिक्षक बदलतात. तुमच्या मराठीच्या यूमध्ये गणिताच्या सरांनी भूमिती शिकवायची वेळ येऊ नये. ५४ मुलांना तिघं-तिघं कोंबण्यापेक्षा आतल्या यूच्या जागी सतरंजी टाका आणि १४ ऐवजी ३० मुलं खाली बसवा, बाहेरच्या ११ बाकांवर २२. उरलेल्या दोघांना फळ्याशी नोंद घेणारे नेमा. पुढच्या वेळी अदलाबदल. कथाकथन, नाट्यीकरण, वादविवाद अशा तासाला हे उत्तम जमतं, लेखनाला नाही.

मान आणि डोळे यांबद्दल थोडं नेमकं. एकाच बाजूला मान वळवून रोज पाच-सहा तास बसायला लावणं चूकच आहे. कोणतीही बैठक असो, दर सोमवारी मुलांना एक ओळ उजवीकडे आणि एक बाक मागे सरकवा, म्हणजे महिन्याभरात कोणीही एका कोपऱ्याला चिकटून राहत नाही. फळा चमकतो तो बहुतेक वेळा फळ्याजवळच्या खिडकीमुळे. तेवढी एक झडप लावून घ्या किंवा पडदा टाका. लिहिताना उजेड डाव्या बाजूने यावा, नाहीतर उजव्या हाताची सावली अक्षरावर पडते. यू केला की अर्ध्या मुलांना उजेड उलट्या बाजूने येतो, हे कोणी लक्षातच घेत नाही. अक्षर केवढं काढायचं हे शेवटच्या बाकावर स्वतः बसून ठरवा. फळ्याजवळून आपल्याला आपलं अक्षर नेहमीच मोठं वाटतं.

सोमवारच्या फिरवाफिरवीतून काही मुलांना वगळायचं. डोळे बारीक करून पाहणारं किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं मूल असेल तर त्याला पुढे घ्या आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल तेव्हा त्याचं नाव आधी द्या. नुसतं पुढे बसवून थांबलात तर चष्मा वर्षभर लांबतो. कान वाहणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. चांगला कान तुमच्याकडे येईल अशा बाजूला त्यांना बसवा, पंख्याच्या अगदी खाली आणि मैदानाकडच्या खिडकीशी नको. पत्र्याच्या खोल्यांत पावसात तर मागच्या मुलांपर्यंत तुमचा एक शब्दही पोचत नाही. त्या दिवशी शिकवणं थांबवा, जोडीने वाचन द्या. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला जागा द्या. उजव्या टोकाला बसला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागतं, भांडण होतं आणि ओरडा डावखुऱ्यालाच बसतो. उंच मुलांना सरसकट मागे ढकलू नका. भिंतीकडच्या ओळींत पुढे बसवलं तरी त्यांच्यामुळे कोणाचा फळा अडत नाही. आठवी-नववीत उंचीमुळे वर्षानुवर्षं मागे राहिलेला मुलगा हळूहळू 'मागच्या बाकावरचा' म्हणूनच ओळखला जातो, आणि तोही तसंच वागायला लागतो. चाकाची खुर्ची किंवा पायाला आधाराचा कॅलिपर वापरणारं मूल असेल तर दारापासून त्याच्या जागेपर्यंत किमान तीन फुटांची सरळ वाट, आणि शेजारी त्याचा मित्र. त्याला दाराशी एकटं बसवून 'सोय केली' म्हणू नका.

शेजारी कोण हा प्रश्न आकारापेक्षा मोठा आहे. हुशार आणि कच्चं अशी जोडी लावायची पद्धत आपल्याकडे आहे. ती मला फारशी मानवत नाही. अंतर फार असेल तर हुशार मूल कंटाळतं आणि कच्चं मूल दबतं. एक-दोन पायऱ्यांचं अंतर ठेवा, म्हणजे विचारायला लाज वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही विचार करावा लागतो. जोड्या दर महिन्याला बदला. मुलगे-मुली वेगळ्या ओळीत बसवण्याबद्दल: पाचवी-सहावीपासून सवय असेल तर सातवीत मिश्र गट सहज होतात. एकदम आठवीत लादले तर मुली गप्प होतात. तिथे आधी एकाच गटात दोन मुली आणि दोन मुलगे असं करा, एकटी मुलगी तिघा मुलग्यांत नको.

तुमचा प्रश्न हायस्कूलचा आहे, पण हे वाचणारे बरेच जण जिल्हा परिषद शाळांतले असतील, त्यांच्यासाठी थोडं. तुमच्याकडे बाक नाहीत याची खंत करू नका. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा महाराष्ट्रभरातून शिक्षक पाहायला गेले, ते तिथली फरशी पाहायला: जमिनीवर आखलेली चित्रं, चौकटी, संख्या, आणि त्यांवर गटागटाने कामाला लागलेली मुलं. बस्करपट्टी हलवायला कोणी लागत नाही. लोकवर्गणीतून बाक आले की गावाला शाळा सुधारल्यासारखी वाटते, ते समजू शकतं, पण पहिली-दुसरीचा वर्ग बाकांनी भरून टाकू नका असं शाळा व्यवस्थापन समितीला जरूर सांगा. फक्त लिहिताना मूल जमिनीवर ओणवं होऊन तासभर बसणार नाही हे पाहा, त्यासाठी वीतभर उंचीची लाकडी डेस्कं पुरतात. द्विशिक्षकी शाळेत जोडवर्ग असतील तर दोन्ही इयत्तांना एकाच फळ्याकडे तोंड करून बसवू नका. पाठीला पाठ लावून बसवा, एक इयत्ता या भिंतीच्या फळ्याकडे, दुसरी समोरच्या. मुलांच्या हाताला येईल इतक्या खाली रंगवलेले फळे चारही भिंतींना असले तर तिसरीचं काम तपासताना चौथी आपलं आपण लिहीत असते.

मॅडम, मुख्याध्यापकांशी बोलताना 'यू नको' असं म्हणू नका, त्यांचा हेतू चांगला आहे. तीन कागद घेऊन जा: खोलीच्या मापांचा, रांगांच्या तासातल्या रेघा-गोलांचा आणि यूच्या तासातल्या रेघा-गोलांचा. आणि मागा एवढंच की बैठक विषयशिक्षकाने टाचणात ठरवावी, यूचा दिवस वेळापत्रकात एकच असावा, आणि पुढच्या शिक्षण परिषदेत सातवीच्या सगळ्या तुकड्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. बोलायला लागलेल्या त्या मुलांची नावं मात्र आजच लिहून ठेवा, आणि रांगा पुन्हा लागल्या की पहिल्याच तासाला त्यांना त्यांच्या बाकाजवळ जाऊन विचारा.